आधी कात्री, मग नाटक

रंगमंचावर मनात भरलेलं पात्र घरी न्यावं, टेबलावर उभं करावं आणि त्याच्याकडून आपल्याला हवं ते करवून घ्यावं, ही हौस प्लास्टिकच्या कितीतरी आधीची आहे. १८११ साली लंडनमध्ये विल्यम वेस्ट नावाच्या दुकानदाराने गाजणाऱ्या नाटकांतल्या पात्रांचे छापील तक्ते विकायला काढले. पुढे त्यात पडदे आले, विंगा आल्या, मुलांना झेपेल अशी आटोपशीर संहिता आली आणि सबंध थिएटरच कागदावर मिळू लागलं. नुसत्या काळ्या रेघांचा तक्ता एक पेनीला, हाताने रंगवलेला दोन पेनीला. प्रकाशक आपले चित्रकार खऱ्या नाट्यगृहात पाठवत. नटाने कोणता झगा घातलाय, तलवार कशी उपसलीय, मागच्या पडद्यावर डोंगर कुठे आणि नदी कुठे, हे सगळं टिपून तांब्याच्या पत्र्यावर कोरलं जाई.

तक्ता घरी आणायचा, रंगवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि एकेक पात्र कापून काढायचं. मग ते लांब तारेच्या टोकाला बसवून विंगेतून आत सरकवायचं. कागदाचा हात वर उचलता येत नाही, म्हणून एकच पात्र चार-पाच पवित्र्यांत छापलेलं असे: हा चालत येणारा, हा चिडलेला, हा गुडघ्यावर बसलेला, हा मेलेला. प्रसंग बदलला की पोरगं चटकन एक काढून दुसरं आत ढकली, आणि तोंडाने संवाद चालूच.

मला या तक्त्यांबद्दल विलक्षण जिव्हाळा आहे. कागदाची मॉडेल्स करायची आणि सिनेमातल्या पात्रांच्या बोटभर बाहुल्या जमवायच्या, हे माझे दोन छंद. लोकांना ते वेगवेगळे वाटतात, दुकानंही वेगळी असतात. पण त्या तक्त्यांत ते एकच होते. पात्रही कागदाचं, त्याचं घरही कागदाचं, आणि दोन्ही उभी करायची ती आपल्याच हातांनी.

‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन लहानपणी या तक्त्यांवर अक्षरशः जीव टाकत. एडिंबरोत लीथ वॉकवरच्या दुकानाच्या काचेपाशी ते रेंगाळत, आणि १८८४ साली त्यांनी त्या वेडावर एक सुंदर निबंध लिहिला. त्यात ते सांगतात की खरं सुख तक्ता निवडण्यात होतं, घरी आणण्यात होतं, रंग भरण्यात होतं. रंगवून झालं की मजा संपली. पात्रं कापून काढणं तर त्यांना पापच वाटे.

स्टीव्हन्सनवर माझं प्रेम आहे, पण इथे मी त्यांच्याशी ठामपणे भांडते. न कापलेला तक्ता हे चित्र आहे. कात्री फिरली की त्यातून पात्र मोकळं होतं, त्याला पाठ येते, सावली येते, ते पडद्यामागे लपू शकतं. रंगवताना आपण दुसऱ्याने आखलेल्या रेघांच्या आतच असतो. कापल्यावर मात्र नाटक आपल्या ताब्यात येतं. स्टीव्हन्सनसारख्या गोष्टीवेल्हाळ माणसाला नाटक मनातल्या मनात करता आलं, कागद उभा करण्याची गरज पडली नाही. बाकीच्या मुलांना ती पडते, आणि ती गरज फार चांगली आहे.

आता १९७७ साली या. मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ लागला आणि अमेरिकेतली पोरं वेडावली. खेळण्यांचा करार होता केनर या कंपनीकडे, पण नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणं शक्य नव्हतं. मग केनरने चक्क पुठ्ठ्याचं एक पाकीट विकलं. आत एक प्रमाणपत्र आणि चित्रं छापलेलं पुठ्ठ्याचं स्टँड, ज्यावर पुढे बारा पात्रं उभी राहणार होती. प्रमाणपत्र टपालाने पाठवायचं, आणि नव्या वर्षात ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू-डी-टू घरी येणार. या प्रकाराला रिकामा खोका म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यातलं पुठ्ठ्याचं स्टँड फार आवडतं. नाताळच्या सकाळी हजारो घरांत आधी रंगमंच पोचला आणि नट मागाहून आले.

त्या बाहुल्यांचं माप होतं पावणेचार इंच. त्याआधी १९६४ पासून हॅस्ब्रोचा ‘जी. आय. जो’ होता तो बारा इंचांचा. बारा इंची बाहुलीला बसायला अंतराळयान करायचं म्हणजे ते घरात मावायचं नाही आणि कुणाला परवडायचंही नाही. पात्र लहान केलं म्हणून त्याच्याभोवतीचं जग विकत घेता आलं, आणि माझ्यासारखीला ते कागदात बांधताही आलं. १९८२ साली ‘जी. आय. जो’ही याच मापाचा झाला. पुढे तोच फनस्कूलने आपल्याकडे आणला. फनस्कूलच्या गोव्यातल्या कारखान्याने आपल्याकडच्या एका पिढीला खेळवलं. भारतात निघालेल्या त्या जवानांचे रंग मूळ अमेरिकन जवानांपेक्षा बरेचदा निराळे असत, आणि आज परदेशातले संग्राहक ते हुडकत असतात. हे वाचलं की मला मनापासून आनंद होतो.

पण संग्राहकांच्या जगात एक रीत पडलीय, ती मला पटत नाही. पाकीट फोडायचं नाही. ‘स्टार वॉर्स’मध्ये जावा नावाची बुटकी, झग्यात गुरफटलेली भंगारवाली जमात आहे. केनरच्या पहिल्या जावाला प्लास्टिकचा अंगरखा होता. इतक्या छोट्या बाहुलीला तो हलका दिसतो म्हणून कंपनीने थोड्याच दिवसांत कापडी अंगरखा दिला. त्यामुळे प्लास्टिकच्या अंगरख्याचा, न फोडलेल्या पाकिटातला जावा आज हजारो डॉलरना जातो. ज्या मुलाने तो त्याच दिवशी फोडला, वाळूत खेळवला, अंगरखा हरवला, त्याच्याकडे बाजारभावाने काहीच उरलं नाही. माझ्या मते सगळं त्याच्याकडेच आहे.

२०१० पासून फंकोच्या मोठ्या डोक्याच्या, काळ्या टपोऱ्या डोळ्यांच्या ‘पॉप’ बाहुल्या आल्या. त्याही पावणेचार इंचांच्या आसपासच्या. खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी, त्यामुळे खोकं न उघडता भिंतभर रचून ठेवायची सोय. मार्च २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ३ ते ३.६ कोटी डॉलर किमतीचा पडून राहिलेला माल नष्ट करावा लागणार आहे. एकाही मुलाचा हात न लागता तो माल जाणार होता. मला त्या बातमीचं फार वाईट वाटलं. आताच्या, बंद खोक्यांत विकल्या जाणाऱ्या लाबूबू या खेळण्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. आत कोणता निघतो ही उत्सुकता खरी, पण निघाल्यावर त्याचं काय करायचं हे कुणी मुलांना दाखवत नाही.

आपल्याकडे ते कुणी दाखवावं लागत नव्हतं. दिवाळीचा किल्ला हा याच खेळाचा आपला थाट. दगडविटांचा ढिगारा, त्यावर मातीत भिजवलेलं गोणपाट, उतारावर पेरलेले हळीव, आणि मग कुंभाराकडून आणलेली मातीची चित्रं. सिंहासनावर महाराज, दरवाजात दोन मावळे, पायथ्याला भाजीवाली, विहिरीवर गवळण, गुहेत वाघ. महाराज बुरुजापेक्षा उंच, वाघ घोड्याएवढा, आणि त्याने कुणाचंच काही अडत नाही. मावळ्याला पाकिटात ठेवून त्याची किंमत वाढायची वाट पाहणारं पोर मी आजवर पाहिलेलं नाही. नाकाचा टवका उडालेला, भाला मोडलेला मावळा पुढच्या वर्षी पुन्हा पहाऱ्यावर उभा राहतो. आणि किल्ला बांधलेला नसेल तर नवं चित्र आणायला कुणी जातही नाही. आधी जागा, मग माणसं, हा क्रम आपल्या मुलांच्या अंगात मुरलेला आहे.

म्हणून माझ्या जावांसाठी मी सध्या वाळवंटातलं घर करतेय. सिनेमात जावा आपले भंगार रोबो विकायला येतात ते ल्यूकच्या काकांच्या दारात, आणि ते दार आहे एका पांढऱ्या घुमटाला. तो घुमट ट्युनिशियातल्या चॉट एल जेरीद या खाऱ्या मैदानावर खरोखर बांधला होता. २०१२ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्याची डागडुजी केली. माझा घुमट एकास अठरा या मापाचा, म्हणजे सहा फुटांचं दार चार इंचांचं.

घुमट कागदात करणं अवघड, आणि त्याचं कारण कागदाच्या स्वभावातच आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, चेंडू होत नाही. ओढून-ताणून करायला गेलं की सुरकुती पडते नाहीतर फाटतो. १८२७ साली गाऊस या गणितज्ञाने याची सिद्धता मांडली, पण नकाशे करणाऱ्यांच्या हातांना ते आधीच कळलं होतं. ज्यांच्या नकाशावर ‘अमेरिका’ हे नाव पहिल्यांदा आलं त्या मार्टिन वाल्डझेम्युलरनी १५०७ साली पृथ्वीगोलासाठी सपाट कागदावर बारा निमुळत्या पाकळ्या छापल्या, संत्र्याची साल फोडीफोडीने उलगडावी तशा.

मीही बाराच घेतल्या. दोनशे जीएसएमचं कार्ड, स्टीलची पट्टी, कटर. दुमडायच्या रेषेवर आधी शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं, म्हणजे कार्ड रेघेवरच मोडतं. प्रत्येक पाकळी टेबलाच्या कडेवरून हलकी ओढून तिला बाक द्यायचा. कडेला चिकटवायचे कान ठेवले तर बाहेरून उंचवटा दिसतो, म्हणून मी कान छाटून टाकते आणि आतून पातळ कागदाची पट्टी लावते. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. खरी कसोटी माथ्यावर. बारा टोकं एका बिंदूत येतात तिथे कागदाची जाडी साचते आणि घुमटाला टेंगूळ येतं. प्रत्येक टोक मिलिमीटरभर आधीच उडवायचं आणि राहिलेल्या भोकावर छोटी गोल चकती बसवायची. शेवटी कापलेल्या कडांचा पांढरा रंग दिसू नये म्हणून जलरंगाचा कोरडा ब्रश. पावसाळ्यात हे काम मी काढतच नाही. हवेतला ओलावा कार्डात शिरतो, पाकळ्या आपोआप उलट्या वळतात आणि फेविकॉल वाळायचं नाव घेत नाही.

हे सगळं केल्यावर घुमटाच्या दारात सव्वादोन इंचांचा जावा उभा केला की तो एकदम गिऱ्हाईक शोधायला लागतो. शेल्फवर तो नुसता उभा होता.

कागद निवडायचं आणखी एक कारण आहे. तो गरिबाघरीही असतो. १९४१ साली, ऐन युद्धात, इंग्लंडमध्ये जेफ्री हायवे यांनी ‘मायक्रोमॉडेल्स’ काढली. पोस्टकार्डाएवढ्या तक्त्यांवर जहाजं, आगगाड्या, प्रसिद्ध इमारती. धातू आणि लाकूड लढाईला जात होतं, पण या छंदाला पोस्टकार्डाएवढा कागद आणि संध्याकाळचा रिकामा वेळ एवढं पुरत होतं. पोलंडमध्ये १९५७ पासून ‘मावी मोडेलाश’ हे मासिक निघालं. अंक घ्यायचा, त्यातून विमान किंवा जहाज कापून काढायचं. दुकानांत फार काही मिळत नसे तेव्हा पोलिश मुलांनी त्या पानांतून विमानं उभी केली. जे अंक आज कोरे राहिले आहेत ते कुणाच्या तरी माळ्यावर विसरले गेले म्हणून.

इथे कुणीतरी विचारेल की सगळ्यांनीच कात्री चालवली असती तर त्या लंडनच्या तक्त्यांपैकी आपल्याला आज काय दिसलं असतं? प्रश्न रास्त आहे. स्टीव्हन्सनसारख्यांनी न कापता जपले म्हणून ते संग्रहालयांत पोचले, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. हॉक्स्टनमधल्या आपल्या छोट्या दुकानात बेंजामिन पोलॉक १९३७ साली वारेपर्यंत जुन्या पत्र्यांवरून तक्ते छापत राहिले, त्यांचे उपकार तर विसरताच येणार नाहीत. पण त्या मुलांकडे एकच प्रत होती. आपल्याकडे प्रिंटर आहे. मूळ तक्ता फाइलमध्ये सुखरूप राहतो आणि त्याची हवी तितकी पात्रं कापता येतात. आता पाप लागायचं काही कारण उरलेलं नाही.

मी तर पुढच्या कामाचे तक्ते मुद्दाम दोनदा छापून ठेवलेत. आयझॅक पोकॉक यांचं ‘द मिलर अँड हिज मेन’ हे १८१३ साली कॉव्हेंट गार्डनला आलेलं नाटक कागदी रंगमंचावर सगळ्यांत जास्त खेळलं गेलेल्या नाटकांपैकी. पिठाची गिरणी चालवणारा मालक खरा दरोडेखोरांचा म्होरक्या असतो, आणि शेवटी सगळी गिरणी स्फोटात उडते. त्या काळी मुलं त्यासाठी लाल जाळाची भुकटी पेटवत. आमच्याकडे काडेपेटी बंद. गिरणीचे सहा तुकडे मी फेविकॉल न लावता नुसते एकमेकांत अडकवणार आहे, मागे लाल पतंगी कागद आणि टॉर्च, आणि सगळ्या तुकड्यांना बांधलेला एकच दोरा. सोसायटीतल्या मुलांना सांगून ठेवलंय. दरोडेखोरांच्या टोळीत माझे जावा घ्यायचे की नाही यावर एकमत आहे, घ्यायचेच. दोरा कोणी ओढायचा यावरून मात्र भांडण पेटलंय, म्हणून गिरणी दोनदा उडणार.