कावळ्याचें घर आणि शेतकऱ्याचीं मुलें

पावसांत कावळ्याचें शेणाचें घर वाहून गेलें आणि चिमणीचें मेणाचें घर टिकलें, ही गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असें मूल आमच्या महागांव तालुक्यांत सांपडणें कठीण. परंतु गोष्ट संपल्यावर आपण मुलास काय विचारतों? फार तर तात्पर्य. आमचें म्हणणें असें कीं, तात्पर्याबरोबर मुलांस कामही द्यावें: एक तांब्या पाण्यानें ढासळणार नाहीं असें घर कावळ्यास बांधून द्या.

साहित्य दाराशींच आहे. काळी माती, शेण, भुसा, पऱ्हाट्या, सुतळी. दोन-तीन मुलामुलींनीं मिळून आधीं पाटीवर आकृति काढावी, मग घर बांधावें, वाळूं द्यावें आणि सर्वांदेखत त्यावर पाणी ओतावें. ज्यांचें घर ढासळेल त्यांस हंसूं नये. पाणी कोठून शिरलें तें त्यांसच शोधूं द्यावें व पुन्हां बांधूं द्यावें. छपरास उतार हवा, पागोळी भिंतीपासून दूर पडावी, जोतें उंच असावें, भुसा मिसळलेली माती कमी भेगाळते, हें सारें मूल अशा रीतीनें हातांनींच शिकतें. एखादी चौकस मुलगी विचारील कीं, चिमणीचें मेणाचें घर आमच्या वैशाखाच्या उन्हांत टिकेल काय? तें मऊ पडून खचेल. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटास पुरतोच असें नाहीं, हा अभियांत्रिकीचा पहिला धडा तिला आपोआप मिळाला.

ही कल्पना परकी नव्हे. हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें हा विचार आमच्या शेजारच्या वर्ध्यासच १९३७ च्या शिक्षण परिषदेंत मांडला गेला. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें विज्ञान आश्रम स्थापून खेड्यांतील तरुणांस करतां करतां शिकविलें. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठानें तर कथेंतील पात्रांच्या अडचणी ओळखून त्यांवर मुलांनीं उपाय घडवावेत अशी पद्धतिच सिद्ध केली आहे. आपल्या सरकारच्या अटल प्रयोगशाळा आहेत खऱ्या. पण त्या सहावीपासून पुढें. त्याआधींचीं वर्षें, जेव्हां मूल मातीशीं सर्वांत अधिक खेळतें, तीं रितींच जातात.

कोणी म्हणेल, हा खेळ झाला. परीक्षेंत याचा उपयोग काय? त्यांनीं आपल्या शेताकडे पाहावें. पेरणीचें अंतर बदललें कीं डवऱ्याची पासही बदलावी लागते. हें पूर्वीं गांवचा सुतार व लोहार शेतकऱ्याशीं बोलून ठरवीत. आतां बहुतेक अवजार दुकानांतून तयार येतें; तें आपल्या जमिनीस न जुळलें तर आपण दैवास बोल लावतों, अवजारांत दोष कोठें आहे हें विचारीत नाहीं. विचारण्याची ही संवय पंचविसाव्या वर्षीं लागत नाहीं, ती सातव्या वर्षींच लागली पाहिजे.

यास्तव सभासदांस आमची विनंति आहे कीं, आपापल्या गांवच्या प्राथमिक शाळेंत गुरुजींच्या संमतीनें शनिवारचा एक तास यासाठीं मागून घ्यावा, साहित्य पोंचवावें, आणि गांवच्या सुतारास आदरानें तेथें बोलवावें. खर्च जवळजवळ नाहीं. ज्या मुलानें आज कावळ्याचें घर दुसऱ्यांदा नीट बांधलें, तें उद्यां आपल्या बांधाकडेही डोळसपणें पाहील.