यंत्र समुद्रापार जाते, माती मात्र जाऊ देत नाहीत

ट्रॅक्टर, कम्बाईन हार्वेस्टर किंवा ऊसतोडणी यंत्राच्या सागरी वाहतुकीचा विषय निघाला, की चर्चा होते ती जहाजाचे भाडे, सीमाशुल्क आणि लांबलेल्या मार्गाची. प्रत्यक्षात काही देशांच्या बंदरांत यंत्र अडकते ते चाकाच्या खाचेत राहिलेल्या मूठभर मातीमुळे. ही दक्षता कशासाठी घेतली जाते आणि आपल्या काढणी-तोडणी हंगामाशी तिचा काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

अवजड यंत्रे कशी पाठवली जातात?

संख्येच्या हिशेबाने भारत हा जगातील सर्वांत मोठा ट्रॅक्टर उत्पादक देश आहे. २०२१-२२ मध्ये देशातून सव्वा लाखाहून अधिक ट्रॅक्टर निर्यात झाले. त्यानंतर परदेशातील मागणी मंदावली आणि २०२३-२४ मध्ये हा आकडा लाखाच्या थोडा खाली आला. पाठवणी मुख्यतः तीन प्रकारे होते.

- कंटेनर : ४० फुटी उंच कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.५८ मीटर आणि रुंदी २.३४ मीटर असते. लहान-मध्यम ट्रॅक्टर चाके, छत, सायलेन्सर काढून त्यात बसवतात किंवा सुट्या भागांत पाठवून तिकडे जोडतात.
- फ्लॅट रॅक : बाजूच्या भिंती व छत नसलेला कंटेनर. कम्बाईन किंवा ऊसतोडणी यंत्र कटर, एलिव्हेटर असे भाग उतरवून यावर साखळ्यांनी बांधतात.
- रो-रो जहाज : यंत्र स्वतःच्या चाकांवर जहाजात चढते आणि तसेच उतरते. सुटे करण्याचा खर्च वाचतो.

खोक्यांसाठी व आधारासाठी वापरलेल्या लाकडालाही नियम आहे. आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५ नुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून किंवा अन्य मान्य प्रक्रिया करून त्यावर शिक्का मारावा लागतो. लाकडातील खोडकिडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे.

लांबलेला मार्ग आणि चुकीची वाढलेली किंमत

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. ते वाहनवाहू रो-रो जहाज होते आणि तुर्कस्तानातून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे निघाले होते. त्यातील २५ खलाशांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. या घटनेनंतर अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालणारा केप ऑफ गुड होपचा मार्ग धरला. त्यामुळे आशिया-युरोप प्रवासात साधारण १० ते १४ दिवसांची भर पडली. इंधन, विमा, भाडे सर्वच वाढले.

शेतीयंत्राच्या बाबतीत उशिराचा अर्थ वेगळा असतो. मोटार महिनाभर उशिरा आली तरी विकली जाते. काढणीयंत्र हंगाम संपल्यावर पोहोचले, तर वर्षभर उभे राहते आणि कर्जाचे व्याज सुरूच असते. अशा वेळी बंदरात माती सापडली, तर धुलाई, फेरतपासणी आणि जागाभाडे यांचा भुर्दंड पडतो. प्रसंगी माल परतही पाठवला जातो.

मुठीभर मातीला एवढे का घाबरतात?

मातीत तणांचे बी, सूत्रकृमींच्या गाठी, मर रोगाच्या बुरशीचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. वापरलेल्या यंत्रांच्या ने-आणीसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक (क्रमांक ४१) स्वीकारले गेले. स्वच्छता, प्रक्रिया, तपासणी हा त्याचा गाभा आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत सर्वांत कडक आहेत. तपकिरी संगमरवरी ढेकण्या ही फळे-भाज्यांतील रस शोषणारी कीड थंडीत यंत्रांच्या फटींत लपते. म्हणून अमेरिका, इटली, जर्मनी, जपान अशा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून सप्टेंबर ते एप्रिल या काळात पाठवलेल्या यंत्रांवर उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून आलेली काही वाहनवाहू जहाजे या किडीमुळे न्यूझीलंडने परत फिरवली.

आपल्या देशातही वनस्पती संगरोध (आयात नियमन) आदेश, २००३ नुसार परवान्याशिवाय माती आणता येत नाही. म्हणून परदेशातून वापरलेले यंत्र घेण्याचा विचार असेल, तर किमतीच्या सौद्याबरोबर ‘पूर्ण धुऊन, माती व पीक अवशेषरहित’ ही अट करारात लिहून घ्यावी. जहाजावर चढण्यापूर्वीची छायाचित्रेही मागावीत.

गाजर गवताचा धडा

आपल्याला हा विषय नवा नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात गाजर गवताची नोंद झाली. आयात धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. एक जोमदार झाड दहा हजारांहून अधिक बिया देते. आज हे तण नाही असे गाव शोधावे लागेल.

हेच तण ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातही आहे. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने मात्र ते मोठ्या प्रमाणावर आत येऊ दिलेले नाही. क्वीन्सलँडमधून येणारे काढणीयंत्र स्वच्छ करून, तपासणी करूनच राज्यात घ्यावे लागते. आपल्याकडे यंत्राला जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ओलांडताना अशी तपासणी होत नाही.

खरा धोका बांधावरच

पंजाब-हरियानातून कम्बाईन महाराष्ट्रात येतात. सोयाबीन, गहू, हरभरा काढत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातात. ऊसतोडणी यंत्रे एका प्लॉटमधून थेट दुसऱ्यात शिरतात. कम्बाईनच्या चाळण्यांत अडकलेले तणांचे बी आणि चाकांना लागलेली मर रोगग्रस्त शेतातली माती पुढच्या शेतात पडते.

उसातील खोडवा खुजा रोग याचे ठळक उदाहरण आहे. हा जिवाणूजन्य रोग बेण्यातून तसेच कोयता व तोडणी यंत्राच्या पात्यांवरील रसातून पसरतो. बाहेरून ठळक लक्षण दिसत नाही. खोडवा खुरटतो आणि शेतकरी दोष खताला किंवा पाण्याला देतो. मजूरटंचाईमुळे यांत्रिक तोडणी वाढणार हे नक्की. म्हणून पात्यांची स्वच्छता आताच अंगवळणी पडली पाहिजे.

काय करावे?

- यंत्र शेतात घेण्यापूर्वी चाके किंवा ट्रॅक, कटर, एलिव्हेटर आणि धान्याची टाकी पाहावी. माती, पाचट, बी दिसल्यास आधी साफ करायला सांगावे.
- सफाई बांधावर न करता एका ठरावीक जागी करावी. आधी कोरडी सफाई किंवा हवेचा झोत, मग पाणी. झडलेला कचरा गोळा करून नष्ट करावा. त्या जागी उगवलेले तण फुलोऱ्यापूर्वी उपटावे.
- तोडणी यंत्राची पाती धुऊन मगच जंतुनाशक लावावे. चिखल-रसावर मारलेले जंतुनाशक काम करत नाही. प्रमाण व वेळ लेबलप्रमाणे ठेवावी.
- गावात क्रम ठरवताना निरोगी शेते आधी, तणग्रस्त व रोगट शेते शेवटी घ्यावीत. याला खर्च येत नाही.
- बेणे प्लॉटमध्ये बाहेरून आलेले यंत्र शक्यतो घालू नये. तोडणीच्या कोयत्यांचेही निर्जंतुकीकरण करावे.

वेळेचे पैसे कोणी द्यायचे?

यंत्रमालकाची अडचण खरी आहे. त्याचे उत्पन्न एकरावर किंवा टनावर मोजले जाते आणि पूर्ण सफाईत जाणारे तास कोणी मोजून देत नाही. त्यामुळे केवळ आवाहन करून काही होणार नाही. दोन गावांमधील सफाईचा मोबदला दरातच धरला, तर मालकही तयार होतील. तो एकट्या शेतकऱ्याने ठरवणे कठीण आहे. गट, उत्पादक कंपनी किंवा साखर कारखाना यांनी करारात तो घालावा.

शासनाचाही यात वाटा आहे. २०२३ च्या योजनेत राज्याने ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान ठेवले. एवढा सार्वजनिक पैसा देताना उच्च दाबाचा धुलाई पंप आणि सफाईची नोंदवही या अटी घालणे अवघड नाही. कृषी सहायकांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

समुद्रापारचा ग्राहक आपले नवे यंत्रही तपासून घेतो. आपल्या शेतात येणारे यंत्र मात्र कालपर्यंत कोणाच्या शेतात होते, हे आपण विचारतही नाही. येत्या हंगामात यंत्राचा दर ठरवताना तेवढा एक प्रश्न जरूर विचारावा.