विमानातला चौविहार



मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी अभिमानाने सांगतात, "विमानातसुद्धा चौविहार केला, पाण्याचा थेंब घेतला नाही." मीही सांगत असे. आता माझं मत बदललं आहे.

मी कॉमर्सची, म्हणून आधी हिशेब. जानेवारीत मुंबईचा सूर्यास्त साधारण सव्वासहाचा. विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि पश्चिमेकडे जातं, म्हणजे रात्रही आपल्याबरोबर पुढे सरकते. न्यूयॉर्कला सूर्योदय सव्वासातला. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा झालेले असतात. वर नवकारशीची 48 मिनिटं. घरी 14 तासांचा असणारा चौविहार इथे 24 तासांच्या वर जातो! शिवाय घरी आपण हिंडत-फिरत असतो. विमानातल्या हवेत ओलावा 20 टक्क्यांहूनही कमी, आणि आपण खाकरे खाऊन एका जागी बसलेल्या.

खरं सांगू? माझं पाणी न पिणं सगळं धर्मासाठी नव्हतं. खिडकीची सीट होती. दोन परक्या माणसांना उठवून बाथरूमला जायचा संकोच, म्हणून पाणीच नको. पच्चक्खाणाच्या आड माझा संकोच लपला होता.

उतरल्यावर उजवी पोटरी दुखू लागली, तोच एक पाय सुजला. मुलाने दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती, नशीब. पण चार तासांहून मोठ्या प्रवासात बसून बसून पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसापर्यंत गेली तर जिवावर बेतते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुनेचा चेहरा पाहवत नव्हता.

परतल्यावर साध्वीजींना विचारलं. त्या स्वतः कधी विमानात बसणार नाहीत, पण उत्तर लगेच दिलं: तिविहार घे. पाणी मोकळं, आहार बंद. पच्चक्खाणात आगार असतातच, ते आपल्या समाधीसाठी. आपणच त्यांना पळवाट समजतो.

यंदा मी तिविहार केला. कडेची सीट घेतली. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते. आत गेल्यावर विमानातल्या ताईंकडून गरम पाणी भरून घेतलं आणि घोट-घोट प्यायले. तासा-दीड तासाने एक फेरी, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली. जैन जेवण तिकिटाबरोबरच सांगून ठेवलं होतं, पण ते सूर्यास्तानंतर आलं, तेव्हा तसंच परत केलं. गोळ्या पर्समध्ये. डॉक्टरांना विचारून घट्ट मोजेही घातले. ते चढवताना मात्र घाम फुटला!

आमच्या मोठ्या जाऊबाईंना हे पटलेलं नाही. "इतकी वर्षं पाळलं, आता म्हातारपणी सूट कशाला?" म्हणतात. त्या जानेवारीत निघाल्या आहेत. त्यांची कडेची सीट मी मुलाकडून आधीच बुक करून घेतली आहे, पाण्याचं बोलणं अजून चालू आहे.