माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके

कळंब्याच्या एका भगिनी विचारतात, मुलांच्या काचेच्या टाकीतल्या माशांवर रव्यासारखे पांढरे ठिपके आले होते, ते गेले. आता औषध बंद करू ना?

छे, मुळीच नाही! तो जंतू माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी बसतो आणि एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं पाण्यात मासे शोधत फिरतात. औषध लागू पडतं ते त्यांनाच, कातडीखालच्यांना नाही. म्हणून ठिपके गेल्यावरही दहा-बारा दिवस नेट धरा. हीटरने पाणी हळूहळू २८ अंशांवर न्या, म्हणजे जंतूंचं चक्र लवकर उरकतं. हवेचा पंप मात्र चालूच हवा. लिटरला २ ग्रॅम खडेमीठ विरघळवून, दोन दिवसांत विभागून घाला. एक दिवसाआड नळीने तळ उपसून पाव पाणी बदला आणि तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घाला.

समुद्रातल्या माशांची, प्रवाळांची टाकी असेल तर हे मीठ कामाचं नाही. तिथला जंतू निराळा. त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांना मारक, तेव्हा मासेच दुसऱ्या टाकीत काढून औषध करावं; मूळ टाकी अडीच महिने माशांवाचून ठेवावी.

आणि हो, कंटाळून ते मासे कळंबा तलावात सोडू नका हं! तिथल्या माशांनाही हाच रोग लागेल.