पुण्याची लस आणि परभणीचा उन्हाळा

रोग झाल्यावर औषध घेण्यापेक्षा तो होऊच न देणे केव्हाही श्रेयस्कर. लसीचे महत्त्व आहे ते याचमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगचे जंतू वाढवून व ते उष्णतेने मारून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

एमआरएनए लसीची रीत निराळी आहे. तिच्यात रोगजंतू नसतोच. असतो तो केवळ एक संदेश. विषाणूच्या अंगचे एक प्रथिन कसे घडवावे, एवढेच तो आपल्या पेशींना सांगतो आणि लवकरच विरून जातो. शरीर त्या परक्या प्रथिनाची ओळख ठेवते व खरा शत्रू चालून आल्यास झुंजण्यास सज्ज असते. नवा विषाणू उद्भवला, की संदेश तेवढा बदलावयाचा. जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणूची जनुकीय रचना प्रसिद्ध झाली आणि १६ मार्च रोजी अमेरिकेत अशा लसीची माणसांवरील चाचणी सुरूही झाली.

परंतु त्वरा म्हणजे सर्वस्व नव्हे. हा संदेश फार नाजूक असतो. आरंभीच्या एका लसीला शून्याखाली सुमारे ७० अंशांची थंडी लागे. परभणी जिल्ह्यात तर मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. जिंतूरकडील वाडीवर किंवा गोदाकाठच्या खेड्यात ती थंडी आणावी कोठून? जी लस शहराची वेस ओलांडू शकत नाही, ती कितीही गुणकारी असली, तरी खेड्यातील मुलाला नसल्यासारखीच.

म्हणूनच पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचे कार्य मोलाचे ठरते. तिने सिद्ध केलेल्या भारतातील पहिल्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात असून २ ते ८ अंशांत टिकते. एवढी थंडी प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतकपाटातही मिळते.

कोणी म्हणेल, जुन्या लसी काय वाईट आहेत? देवीचा रोग त्यांनीच पृथ्वीवरून नाहीसा केला, हे खरे. पण प्रौढांना क्षयापासून भरवशाचे संरक्षण देणारी लस अद्याप नाही. नव्या रीतीने ती शोधण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांना यश येईलच असे नाही. परंतु आले, तर त्या लसीने ऊन सोसण्याची तयारी आरंभापासूनच ठेवली पाहिजे. भर वैशाखात वाडीवरील शेवटच्या मुलाच्या दंडापर्यंत ती सुरक्षित पोहोचते की नाही, हीच तिची खरी कसोटी होय.