ऐकून लिहा, पण नीट ऐकू तर येऊ द्या!

श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही भाषेची चार कौशल्यं आपण डी.एड.पासून घोकत आलो आहोत. त्यात श्रवण पहिलं. पण वर्गात कविता किंवा उतारा ऐकवायची वेळ आली की आपण काय करतो? ग्रुपवर आलेली एखादी एमपीथ्री फाईल, संगणकात जो प्लेअर उघडेल तो, आणि आवाज पूर्ण वर! मागच्या बाकावरून "सर, कळत नाही" असं आलं की बटण आणखी थोडं पिळायचं.

मीही हेच करत होतो. एकदा 'ऐकून लिहा' घेताना ध्वनिफितीतल्या 'शाल' या शब्दाचं जवळजवळ अर्ध्या वर्गाने 'साल' लिहिलं. मी लगेच मुलांच्या घरच्या बोलीला दोष देऊन मोकळा झालो. नंतर सहज म्हणून तेच वाक्य मी स्वतः वाचून दाखवलं, तर सगळ्यांनी बरोबर लिहिलं. म्हणजे मुलांचे गुण मी कापले होते आणि चूक माझ्या संगणकाची होती.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. स्वरांचा जोर खालच्या कंप्रतेत असतो. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारी सळसळ मात्र बरीच वर असते. 'स'ची तर ४००० हर्ट्झच्याही पुढे पसरलेली असते. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणून फोनवर नाव सांगताना "सशातला स" असं सांगावं लागे. आपल्या वर्गातला संगणकही असाच टेलिफोन होऊन बसतो. आवाज वाढवला तरी गेलेली सळसळ परत येत नाही, नुसता गोंगाट वाढतो.

माझ्या बाबतीत दोन गोष्टी होत्या. एक, ती फाईल कुणीतरी स्पीकरसमोर मोबाईल धरून पुन्हा रेकॉर्ड केलेली होती. दुसरी, विंडोजमध्ये 'बास बूस्ट' चालू होतं. ते कुणी चालू केलं देव जाणे, बहुधा स्नेहसंमेलनाच्या वेळी. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून साउंडच्या सेटिंगमध्ये जा, आपल्या स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडा आणि तिथली सगळी 'एन्हान्समेंट्स' बंद करा. आधी हे करा, मग प्लेअरचं बघू.

प्लेअर म्हणून मी फूबार २००० वापरतो. पीटर पॉव्लोव्स्की यांनी २००२ साली तो आणला. फुकट मिळतो, जुन्या संगणकावरही हलका चालतो. दिसायला अगदीच रुक्ष आहे, मान्य. पण मला ते बरंच वाटतं. नाचणाऱ्या रेघा नाहीत, त्यामुळे मुलांचं लक्ष ऐकण्याकडे राहतं.

त्यात प्रेफरन्सेस – प्लेबॅक – आउटपुट इथे जा. एरवी विंडोज सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळतं आणि एका ठरावीक दराला आणून पुढे पाठवतं. सीडीचा दर सेकंदाला ४४१०० नमुने असतो आणि विंडोजचा बऱ्याचदा ४८००० असतो, म्हणजे मधे रूपांतर आलंच. विस्टापासून विंडोजमध्ये 'वासापी' नावाची सोय आहे. तिच्या 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीत प्लेअर हा मिसळण्याचा टप्पा वगळून थेट साउंड कार्डाशी बोलतो. नव्या आवृत्तीत यंत्रांच्या यादीतच 'एक्सक्लुझिव्ह' असा पर्याय दिसतो; जुन्या आवृत्तीत वेगळा घटक टाकावा लागे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या रूपांतराने होणारा फरक मला वर्गात कधी ऐकू आलेला नाही. मग मी एक्सक्लुझिव्ह का ठेवतो? कारण ते चालू असताना बाकीच्या प्रोग्रॅमना त्या स्पीकरवर आवाजच करता येत नाही. कवितेच्या मधेच 'टुंग' वाजत नाही! मात्र काम संपल्यावर प्लेअर बंद करा, नाहीतर पुढच्या तासाचे सर "व्हिडिओला आवाज नाही" म्हणून तुम्हाला शोधत येतील.

वर्गासाठी खरी मोलाची सोय म्हणजे रिप्लेगेन. एक ध्वनिफीत पुटपुटते, दुसरी कानठळ्या बसवते, हा अनुभव सगळ्यांचाच. सगळ्या फाईली निवडून उजवी क्लिक करा आणि रिप्लेगेनचं स्कॅन चालवा. प्रत्येक फाईल किती मोठ्याने वाजते हे मोजून प्लेअर त्याची नोंद फाईलच्या टॅगमध्ये करतो. मूळ ध्वनीला हात लावत नाही. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये रिप्लेगेन लागू केलं की सगळ्या साधारण सारख्या ऐकू येतात. डीएसपीची यादी रिकामी ठेवा. प्लेअरमधला आवाज पूर्ण ठेवून कमीजास्त स्पीकरच्या बटणाने करा, पण आधी ते बटण खाली आणा हं.

आता फाईलबद्दल. हल्ली काही मित्र "फ्लॅकशिवाय ऐकायचंच नाही" असं म्हणतात. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता आवाज साठवला जातो, आणि स्वतःच्या सीडी साठवायच्या असतील तर मीही फ्लॅकच वापरतो. पण वर्गासाठी हा हट्ट मला पटत नाही. फूबारमध्ये एबीएक्स नावाचा घटक टाकता येतो. तो तुम्हाला न सांगता दोनपैकी एक फाईल वाजवतो आणि ओळखायला लावतो. मी ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि फ्लॅक अशी १६ वेळा परीक्षा दिली, ९ उत्तरं बरोबर आली. नाणेफेक करून ८ आलीच असती! मग तंबोऱ्याची एक ध्वनिफीत ६४ केबीपीएसला आणून तीच परीक्षा दिली, तर १६ पैकी १५. जव्हारीची झणझण पार बसली होती. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते, तेव्हा हा योगायोग नव्हता.

९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाईलींच्या मागे तर लागूच नका. ४४.१ च्या दरात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. वर डोक्यावर पंखा घरघरतोय, बाहेर पोषण आहाराची भांडी वाजताहेत, तिथे कसली बारकाई! त्या पैशात बरे स्पीकर घ्या. ते टेबलाखाली न ठेवता बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. हम्म असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

आणि एमपीथ्रीची फ्लॅक करून दर्जा वाढवल्याचं समाधान कुणी मानू नये. जे एकदा गाळलं गेलं ते परत येत नाही, फाईल मात्र फुगते. 'शाल'ची ती फाईल मी तीन-चार प्रकारे दुरुस्त करून पाहिली, इक्वलायझर लावून पाहिला. शेवटी पुसून टाकली. आता तो उतारा मी स्वतःच उभा राहून वाचतो.