निवासी शाळेतील मुलांच्या हाती ध्वनिमुद्रणाचे यंत्र द्या

समाजकल्याणच्या निवासी शाळेला एखादे मंत्री, आयुक्त किंवा देणगीदार भेट देणार असले की आठवडाभर आधी कपाटातून पेटी बाहेर काढली जाते. तिचे दोन-तीन सूर लागत नसतात, भाता फाटलेला असतो. चार-सहा मुलींना पुढे उभे करून स्वागतगीत बसवले जाते. पाहुणे मान डोलावतात, गुलाबाचे फूल घेतात, मुलींचे कौतुक करून निघून जातात आणि पेटी पुन्हा कपाटात जाते. त्यानंतर गाणे ऐकू येते ते थेट १४ एप्रिलला, आणि तेही भाड्याच्या डीजेवर. आम्ही पाहिलेल्या बहुतेक निवासी शाळांत नि वसतिगृहांत संगीत शिक्षण म्हणून जे काही आहे ते एवढेच. वर्षातून चार वेळा पाहुण्यांसाठी गायचे आणि एकदा दुसऱ्याच्या यंत्रावर नाचायचे.

आमचे म्हणणे असे की, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी शासनाने ज्या निवासी शाळा काढल्या आहेत (शासनाने आम्हाला 'नवबौद्ध' म्हणणे अजून सोडलेले नाही, ते असो), त्या शाळांत सहावीपासून लोकप्रिय संगीत आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकवले गेले पाहिजे. लोकप्रिय संगीत म्हणजे जे मुलांच्या कानावर रोज पडते ते सगळे. भीमगीते, कव्वाली, लोकगीत, सिनेमाचे गाणे, रॅपसुद्धा. आणि तंत्र म्हणजे गाणे मुद्रित करणे, त्याचे वेगवेगळे ट्रॅक जुळवणे, ते मिसळून अंतिम ध्वनिमुद्रण तयार करणे आणि ते आपल्या नावाने जगासमोर ठेवणे.

आमच्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे पटणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. ते विचारतील, वकीलसाहेब, पोरांना डॉक्टर-कलेक्टर करायचे सोडून पुन्हा त्यांच्या हाती हलगी देता काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावगाड्यात वाजवणे हे आमच्या माणसांच्या वाट्याला कला म्हणून आलेच नाही. ते गावकीचे काम म्हणून आले. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत, जत्रेत, पालखीपुढे वाजवायचे, आणि वाजवून झाले की पंगत उठेपर्यंत लांब बसायचे. हलगीचा नाद देवळात जात होता, हलगीवाल्याला मात्र पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. बाबासाहेबांनी गावकीची कामे टाकायला सांगितली आणि मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली, तेव्हा पुष्कळांनी वाद्येही खाली ठेवली. ती स्वाभिमानापोटी ठेवली. त्यांच्या निर्णयापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

पण अपमान वाद्यात नव्हता, सक्तीत होता. याच काळात दुसरीकडे काय घडत होते तेही पाहावे. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार बाबासाहेबांचा विचार गाण्यातून खेड्यापाड्यांत पोहोचवत होते. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ होईल अशा गाण्यांतून चळवळीचा इतिहास मांडला. विठ्ठल उमप तर २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवरच्या मंचावरच कोसळले आणि गेले. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले. राज्यघटना लिहिणारा माणूस वाद्य हाती घेण्यात कमीपणा मानत नव्हता, आणि आमचा पालक मात्र मुलाने ढोलकीला हात लावला की घाबरतो.

तमिळनाडूत परई या वाद्याची कथा आपल्या हलगीसारखीच आहे. मयतीला वाजवायचे वाद्य म्हणून ज्यांच्यावर ते लादले गेले, त्यांच्यातील अनेकांनी ते सोडले. पुढे तेथल्या आंबेडकरी तरुणांनी तेच वाद्य मंचावर आणले. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाने २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पहिला कार्यक्रम केला. त्यात वस्तीतले गाना गायक, रॅप आणि रॉक यांचा मेळ होता. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीने आपल्या जातीचे नाव लाज म्हणून नव्हे तर अभिमानाने गाण्यात घेतले. ही मुले आधुनिक यंत्रांवर काम करतात. गाणे कसे बनते ते त्यांना माहीत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती कायद्याची आहे. आमच्याकडे वकील म्हणून गायक मंडळी अधूनमधून कागद घेऊन येतात. कॅसेटच्या जमान्यातला एखादा पिवळा पडलेला करार असतो, कधी स्टॅम्पपेपर, कधी नुसती पावती. त्यावर 'सर्व हक्क कायमचे दिले' असे लिहिलेले असते आणि खाली सही किंवा अंगठा. रक्कम एवढी किरकोळ, की त्या दिवशीच्या जेवणात आणि परतीच्या एसटीतच ती संपली असेल. आता त्याच गायकाचा मुलगा बापाचे गाणे यूट्यूबवर टाकतो आणि कंपनीचा हक्कदावा येतो. बापाने रचलेले, बापाने गायलेले गाणे, आणि हक्कभंगाची नोटीस मुलाला! मुलगा विचारतो, हे कसे काय?

ते असे. प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या भाषेत गाण्याच्या शब्दांचा कर्ता गीतकार, चालीचा कर्ता संगीतकार, पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता. म्हणजे ज्याने पुढाकार घेतला, जबाबदारी उचलली, यंत्र लावले, तो. गाणाऱ्याला तर या कायद्यात फार काळ स्थानच नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या एका खटल्यात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गायकाला आपल्या गाण्यावर हक्क नसल्याबद्दल निकालपत्रातच खंत नोंदवली होती. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी तरतूद आली की गीतकार आणि संगीतकार यांनी बाकी हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतील समान वाटा त्यांना सोडता येत नाही. कलम ३८-अ ने गायक-वादकालाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, हेही कलम १९ मध्ये आहे. कायदा बराच सुधारला. तरीही जुन्या कागदांचे भांडण सोपे नाही, आणि नव्या कागदावर सही करणाऱ्याला ही कलमे ठाऊक नसतात.

म्हणून आम्ही यंत्राचा आग्रह धरतो. निवासी शाळेतील मुलगी फक्त गायला शिकली तर ती उद्या दुसऱ्याच्या स्टुडिओत उभी राहील आणि दुसऱ्याच्या कागदावर सही करील. तिला मुद्रण करता आले तर कायद्याच्या नजरेत तीच निर्माती होईल. गायक आणि निर्माता यांतला हा फरक आमच्या दोन पिढ्यांना कुणी सांगितला नाही. वामनदादांच्या शब्दांवरचा प्रताधिकार कायद्याने २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे, हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

यंत्र आले म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही. २०२१ चे 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे आठवा. अरिवूने आपल्या आजीच्या, चहाच्या मळ्यांत राबलेल्या भूमिहीन पिढ्यांच्या आठवणींतून ते लिहिले आणि धी या गायिकेसोबत गायले. त्याच वर्षी एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर धी झळकली, अरिवू नव्हता. आरडाओरड झाली तेव्हा त्याचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या या गाण्याचा एक पैसाही आपल्याला मिळालेला नाही. तेव्हा तंत्राबरोबर करार वाचणेही त्याच वर्गात शिकवले पाहिजे.

इंग्लंडमध्ये हा विषय शाळेत कधीच आला. तिथे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेत म्युझिक टेक्नॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. मुद्रण करणे, यंत्रावर रचना करणे आणि ऐकून विश्लेषण करणे यांवर गुण मिळतात. श्रीमंतांच्या निवासी शाळांत त्यासाठी स्टुडिओ आहेत. लूसी ग्रीन या संगीतशिक्षणाच्या अभ्यासिकेने २००२ साली पुस्तक लिहून दाखवले, की लोकप्रिय संगीत करणारे कलावंत बहुतेक करून मुद्रित गाणी ऐकून, त्यांची नक्कल करून, मित्रांच्या टोळक्यात शिकतात. आम्हाला वाचून हसू आले. आमच्या वस्त्यांतील भीमगीत गायक दुसरे काय करत होते? प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायची आणि बुद्धविहाराच्या ओट्यावर पाच जणांनी मिळून ती बसवायची. ते करीत असताना त्याला शिक्षण म्हणावे असे कुणाच्या मनात आले नाही, एवढेच.

अशा शिकण्याला निवासी शाळेइतकी सोयीची जागा नाही. मुले चोवीस तास एकत्र असतात. संध्याकाळची अभ्यासिका सुटल्यावर आणि रविवारी वेळ असतो. संगणक कक्ष बहुतेक ठिकाणी आहे, निदान त्याचे कुलूप तरी आहे. त्यातल्या एका संगणकाला एक साधा ऑडिओ इंटरफेस, दोन माइक आणि चार हेडफोन जोडले की सुरुवात होते. ऑडॅसिटी, एलएमएमएस, अार्डर यांसारखी सॉफ्टवेअर खुल्या परवान्याची आहेत, ऑडॅसिटीला तर पैसेच लागत नाहीत. स्टुडिओच्या भिंतींना जो महागडा फोम लावतात त्याचे काम वसतिगृहातील गाद्या करतात. चार गाद्या भिंतीला उभ्या केल्या की खोलीचा घुमारा कमी होतो. हलगीजवळ माइक किती अंतरावर ठेवायचा, पेटी आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर का घ्यायचे, ढोलकीची लय मेट्रोनोमवर कशी बांधायची, हे आठवीच्या मुलाला आठवडाभरात कळते. डेसिबल म्हणजे काय तेही त्याला कळेल. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्याला आपल्या जयंती मंडळालाही समजावून सांगता येईल. मंडळे ऐकतील की नाही हा भाग वेगळा.

मुलींबद्दल जरा स्पष्ट बोलू. स्वागतगीत मुलींनी गायचे आणि माइकची वायर मुलांनी जोडायची, ही विभागणी आपण न बोलता मान्य केलेली आहे. मुलींच्या निवासी शाळांत यंत्र आधी गेले पाहिजे. त्याची किल्ली मुलींच्याच समितीकडे हवी. शिपायाकडे नको.

आणखी एक सावधगिरी. विद्यार्थिनीने रचलेले गाणे तिचे असते. ती शाळेची नोकर नाही, म्हणून तिच्या शब्दांवर नि चालीवर शाळेचा हक्क चढत नाही. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबी खटल्यात ठरवून टाकले आहे. तेव्हा एखादी संस्था किंवा वाहिनी निवासी शाळेत येऊन मुलांकडून गाणी गाऊन घेऊन ती परस्पर प्रसारित करीत असेल, तर मुख्याध्यापकांनी आधी पालकांची लेखी संमती मागावी, आणि त्या कागदात मुलांची नावे आणि रॉयल्टी कुठे जाणार ते लिहून घ्यावे. असा नमुना करार मराठीत तयार करणे हे चळवळीतील वकिलांचे काम आहे, आणि त्याला एका दुपारहून जास्त वेळ लागत नाही.

पैसे नाहीत असे अधिकारी सांगतील. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची त्यांच्यासमोर ठेवावी. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असला पाहिजे, असे तीत लिहिलेले आहे. तो निदेशक चित्रकलेचाच असावा असे कुठेही म्हटलेले नाही. दहावीला लोककला आणि शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण आहेत, त्यांत ध्वनिमुद्रणही यावे अशी मागणी करता येते. यंत्रांचा खर्च तर जयंतीच्या एखाद्या मोठ्या डीजेच्या भाड्यात बसेल, आणि अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा याच मुलांसाठी आहे. जिल्ह्याचा आराखडा नवे आर्थिक वर्ष लागण्याच्या काही महिने आधी तयार होतो, म्हणून मागणीचे पत्र जिल्हाधिकारी आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे दिवाळीच्या आत गेले पाहिजे.

त्याआधी माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारावेत. आपल्या तालुक्यातील निवासी शाळेत सहावी ते आठवीचा पट किती? कला निदेशकाचे पद भरले आहे काय, आणि नसेल तर कधीपासून रिकामे आहे? मागील तीन वर्षांत वाद्ये व संगणक साहित्यावर किती खर्च झाला? ते साहित्य आज कोणत्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मसुदा आमच्याकडे तयार आहे, फक्त शाळेचे नाव घालायचे बाकी आहे.